किल्ट घालायला स्कॉटिश कूळ लागत नाही

स्कॉटलंडमध्ये लग्नाचं आमंत्रण आलं की बाहेरचे पाहुणे किल्ट, म्हणजे पुरुषांचा गुडघ्यापर्यंतचा चुण्यांचा घागरा, घालायला एका समजुतीने बिचकतात: प्रत्येक कुळाचा टार्टन, म्हणजे चौकड्यांचं कापड, प्राचीन काळापासून ठरलेला आहे आणि परक्याने तो घातला तर अपमान होतो. हे खरं नाही.

१७४६ मध्ये कलोडनच्या लढाईत जॅकोबाइट (पदच्युत स्टुअर्ट राजघराण्याच्या बाजूचे) सैनिक आपला माणूस ओळखत ते टोपीवरच्या पांढऱ्या फितीवरून, चौकड्यांवरून नव्हे. त्याच वर्षी हायलंडच्या, म्हणजे स्कॉटलंडच्या डोंगराळ भागाच्या, पोशाखावर कायद्याने बंदी आली, ती १७८२ पर्यंत टिकली. पुढे १८१५ मध्ये लंडनच्या हायलंड सोसायटीने कुळप्रमुखांकडून टार्टनचे नमुने मागवले, तेव्हा काहींना आपला नमुना कोणता हेच माहीत नव्हतं! बॅनकबर्नचे विल्सन हे विणकर आधी नमुन्यांना नुसते क्रमांक देत, कुळांची नावं नंतर जोडली गेली. १८२२ मध्ये राजा चौथा जॉर्ज एडिंबराला आला आणि या पोशाखाची लाटच उसळली.

तेव्हा आवडेल तो टार्टन निवडा. बाल्मोरल मात्र राजघराण्याचा, तो सोडा.

खरी काळजी घ्यायची ती नेसण्याची. चुण्या मागे, सपाट पदर पुढे, त्याची मोकळी कड उजवीकडे. लांबी गुडघ्याच्या मध्यापर्यंत. पिन फक्त वरच्या पदराला लावा. दोन्ही पदरांत टोचली तर कापड ताणून फाटतं. बसताना मागच्या चुण्या हाताने सारख्या करून बसा.