वजन सारखे, म्हणून नेमही सारखा?
सरावाच्या टोकाइतक्याच वजनाचे, बहुधा १०० ग्रेनचे (सुमारे ६.५ ग्रॅम), ब्रॉडहेड (शिकारीसाठीचे धारदार पात्यांचे बाणाचे टोक) बसवले की बाण त्याच जागी लागतो, असा समज हरणांच्या धनुष्यशिकारीत वर्षानुवर्षे फिरत आहे. वजन जुळणे आवश्यक आहेच. परंतु ब्रॉडहेडच्या स्थिर (न मिटणाऱ्या) पात्यांवर हवेचा दाब पडतो आणि किंचित तिरका सुटलेला बाण ती पुढूनच वळवू लागतात, जे मागच्या पिसांना नेहमीच सावरता येत नाही. पडताळणीसाठी दोन्ही टोकांचे बाण आधी २० आणि मग ४० यार्डांवरून सोडावेत. फरक दिसल्यास प्रथम बाण फिरवून टोक डगमगते का ते पाहावे, आणि त्यानंतरच धनुष्याची जुळणी सुधारावी. थोडीशी चूकही हरणाला जखमी अवस्थेत दूर पळवते, म्हणून ही तपासणी मला अत्यावश्यक वाटते. सरावात बोथटलेली पाती मात्र शिकारीपूर्वी बदलावीत.