कॅथेटरद्वारे हृदयझडपेची स्थाननिश्चिती

छाती न उघडता, बहुधा जांघेतील धमनीतून कॅथेटरने (लांब लवचिक नळीने) नेलेली कृत्रिम महाधमनी झडप (हृदयातून महाधमनीत रक्त जाण्याच्या तोंडाशी असणारी) नेमक्या उंचीवर बसवण्याचे तंत्र. ही शस्त्रक्रिया ‘टावी’ या नावाने ओळखली जाते.

तिचा उगम कोणाकडे जातो याबद्दल एकमत नाही. 1965 मध्ये डेव्हिस यांनी कॅथेटरवर बसवलेली तात्पुरती झडप कुत्र्यांवर वापरली. 1989 मध्ये डेन्मार्कच्या अँडरसन यांनी स्टेंटमधील (धातूच्या जाळीच्या नळीतील) झडप डुकरांत बसवली. 2000 मध्ये बोनहोफर यांनी एका मुलाच्या फुप्फुस धमनीच्या मार्गात गायीच्या मानेतील शिरेची झडप बसवली. महाधमनीच्या जागी माणसात पहिले रोपण क्रिबिए यांनी एप्रिल 2002 मध्ये रूआन येथे केले. कल्पनेचे श्रेय अँडरसन यांना आणि आजच्या उपचाराचा आरंभ क्रिबिए यांच्यापासून, ही मांडणी अधिक पटणारी आहे.

सीटीवर मूळ झडपेच्या तिन्ही पाकळ्यांचे सर्वांत खालचे बिंदू जोडून वलयाची (झडपेच्या तळाच्या कड्याची) पातळी ठरते. पिगटेल (टोक वळलेले) कॅथेटर नॉन-कोरोनरी पाकळीच्या, म्हणजे जिच्यापाशी हृदयाची स्वतःची धमनी निघत नाही तिच्या, तळाशी टेकवतात. स्वयंविस्तारी (आपोआप उघडणाऱ्या) झडपेसाठी उजवी व डावी पाकळी एकावर एक दिसतील असा क्ष-किरणांचा कोन घेतात, म्हणजे झडप किती खाली उतरली आहे ती खोली फसवी दिसत नाही. लक्ष्य वलयाखाली साधारण 3 मिमी. फुग्याने फुगवायची झडप मात्र निलयात (हृदयाच्या खालच्या कप्प्यात) थोडीच उतरवतात. सापियन 3 ही अशी झडप फुगताना मुख्यतः खालच्या टोकाने आखूड होते, हे आधीच हिशेबात धरावे लागते. फुगा फुगवताना मिनिटाला 180 ते 220 ठोक्यांचे पेसिंग (विजेच्या स्पंदांनी हृदय वेगाने चालवणे) देतात; फुगा पूर्ण रिकामा होण्याआधी ते थांबवत नाहीत. ऐनवेळी पेसिंग तुटले तर हृदयाचा जोर झडप महाधमनीत उडवतो.

झडप फार वर बसली तर ती निसटते किंवा कोरोनरीचे (हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमनीचे) तोंड झाकले जाते. फार खाली बसली तर कडेने गळती होते, आणि दोन निलयांमधील पडद्याच्या पातळ भागालगत जाणारी हिसची वाहिनी (ठोक्याचा विद्युत संदेश नेणारी) दबून हार्ट ब्लॉक होतो, म्हणजे तो संदेश अडतो. त्या पातळ भागाच्या लांबीपेक्षा खोली जास्त झाली की पेसमेकरची शक्यता वाढते. इव्होलटसारखी स्वयंविस्तारी झडप सुमारे 80 टक्के उघडेपर्यंत पुन्हा आत ओढता येते. फुग्याने फुगवलेली येत नाही. इव्होलटची शेवटची सुटका अगदी सावकाश करतात. तिचा एखादा कान (तिला कॅथेटरशी धरून ठेवणारा भाग) कॅथेटरमध्ये अडकला असताना ओढले, तर अचूक बसलेली झडपही वर सरकते.

ग्रामीण विदर्भातील रुग्णाला यासाठी नागपूरसारखे शहर गाठावे लागते, म्हणून खोलीचे मिलिमीटर तिथे अधिक महाग पडतात. ब्लॉक काही दिवसांनीही येऊ शकतो आणि पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की गडचिरोली जिल्ह्यातील भामरागडचा रस्ता बंद होतो. ईसीजीत नवा लेफ्ट बंडल ब्रांच ब्लॉक (हिसच्या वाहिनीच्या डाव्या फांदीतील अडथळा) दिसला, तर अशा रुग्णाला लवकर सुटी न देणे इष्ट. आमवाती ज्वराने आकसलेल्या मायट्रल झडपेला (हृदयाच्या डाव्या दोन कप्प्यांमधील) हे तंत्र सहसा लागू पडत नाही; तिथे झडप योग्य असेल तर इनोए फुग्याने (कॅथेटरवरच्या खास फुग्याने) ती रुंद करतात.