ओल तीच, ताण वेगळा

जमीन सुकत जाते तसं पीक पाणी घेणं नेमकं कधी कमी करतं? कोमेजण्याची वेळ येईपर्यंत झाडाला पाणी सारख्याच सहजतेनं मिळतं, असं मानणारे संशोधक बरेच होते. १९६२ साली डेनमीड आणि शॉ यांनी मक्यावर मोजमापं घेतली आणि चित्र पालटलं. हवेची मागणी, म्हणजे पिकातून हवा ओढू पाहते ते पाणी, दिवसाला जेमतेम दीड मिलिमीटर होती, तेव्हा माती जवळजवळ कोरडी पडेपर्यंत पर्णोत्सर्जन, म्हणजे पानांतून वाफ होऊन पाणी उडणं, घटलं नाही. मागणी सहा-सात मिलिमीटरवर गेली, तेव्हा मात्र मातीत चांगली ओल असतानाच ते घटू लागलं.

कारण मुळाशी आहे, अगदी शब्दशः. मुळाला लगटून असलेली माती आधी सुकते, आणि सुकलेल्या मातीतून पाणी फार हळू सरकतं. उन्हाचा तडाखा असला की हा पुरवठा अपुरा पडतो, पर्णरंध्रं, म्हणजे पानांवरची बारीक छिद्रं, मिटतात. त्याच रंध्रांतून कार्बन डायऑक्साइड आत येतो, म्हणजे वाढही तिथेच अडते.

पिकाच्या पाण्याचं गणित मांडताना हे धरावंच लागतं. जागतिक अन्न व कृषी संघटनेच्या १९९८च्या पद्धतीत आधी हवामानावरून संदर्भ गवताची, म्हणजे तुलनेसाठी प्रमाण धरलेल्या गवताची, पाण्याची गरज काढतात, तिला पीक गुणांकानं, म्हणजे त्या गवताच्या तुलनेत पिकाला किती पाणी लागतं त्या प्रमाणानं, गुणतात आणि ओल कमी असेल तर वर ताण गुणांक लावतात; ताण नसेल तर तो १ असतो, ताण वाढेल तसा शून्याकडे उतरतो.

समजा मुळं ६० सेंटिमीटर खोल आहेत आणि वाफशापासून (जादा पाणी निचरून गेल्यावर उरलेली ओल) कोमेजण्याच्या बिंदूपर्यंत मातीत ९० मिलिमीटर पाणी मावतं. मध्यम मागणीच्या, म्हणजे दिवसाला ५ मिलिमीटरच्या दिवसांत यातलं साधारण निम्मं, ४५ मिलिमीटर, बहुतेक पिकं विनासायास घेतात. मागणी ८ मिलिमीटर झाली की सहज मिळणारं पाणी ३४ वर येतं. २ मिलिमीटर असेल तर ५६ पर्यंत जातं. आता ४५ मिलिमीटर उपसून झालेलं शेत घ्या. २ मिलिमीटर मागणीच्या मंद दिवशी त्याला ताणच नाही. तापलेल्या दिवशी ताण गुणांक ०.८१ वर येतो आणि ८ ऐवजी साडेसहा मिलिमीटरच पाणी उडतं.

माझ्या मते या गणितात सर्वांत जपून भरायचा आकडा मुळांच्या खोलीचा. हवामानाच्या नोंदी मिळतात, मातीचा नमुना तपासता येतो. मुळं मात्र उकरून पाहिल्याशिवाय दिसत नाहीत. कडक थरामुळे ती ४० सेंटिमीटरवरच अडली असतील, तर ९० चे ६० मिलिमीटर होतात आणि ५ मिलिमीटरच्या मागणीला ताण नवव्या दिवसाऐवजी सहाव्या दिवशीच सुरू होतो.