काळीज झाडावर राहिलं

नदीच्या मधोमध आल्यावर मगर पाठीवरच्या माकडाला खरं सांगून टाकते: घरी तुझं काळीज हवंय. माकड म्हणतं, "आधी नाही का सांगायचं? ते तर मी झाडावरच ठेवून आलो!" मगर मागे वळते. काठ जवळ आला, की माकड फांदीवर.

ही गोष्ट जातककथांत आहे, पंचतंत्रात आहे. कोरियात 1145 सालच्या इतिहासग्रंथातही ती सापडते. तिथे कासव आणि ससा आहेत, आणि काळजाच्या जागी यकृत.

या गोष्टीत प्राणी बोलतात, पण त्याचं नवल कुणालाच वाटत नाही. बोलणारे प्राणी वेगळे आणि जादू वेगळी, हा फरक अभ्यासकांनीही पाळला आहे. आन्टी आर्ने यांनी 1910 मध्ये लोककथांची सूची केली. स्टिथ थॉम्प्सन आणि हान्स-यॉर्ग उथर यांनी ती पुढे वाढवली. तीत प्राणिकथांना 1 ते 299 क्रमांक आहेत, जादूच्या कथा 300 पासून सुरू होतात. आपलं माकड 91 वर. म्हणजे प्राण्यांचं बोलणं इथे जादूत धरलेलंच नाही. त्यांना वाचा दिली, की बाकी सगळे नियम आपल्याच जगाचे: भूक लागते, माणसासारखीच भीती वाटते, आणि छातीतलं काळीज काढून ठेवता येत नाही. मानवशास्त्रज्ञ पास्काल बॉयर यांचं म्हणणं असं, की एखादाच नियम मोडणारी कल्पना मनात चांगली रुजते, कारण उरलेलं चित्र आपण स्वतःच भरून घेतो.

मग जादू कुठे आहे? मला वाटतं, ती लबाडाच्या थापेत आहे. झाडावर ठेवलेलं काळीज ही या गोष्टीतली एकमेव अद्भुत वस्तू, आणि तीच खोटी! लबाड माणसांच्या कथांतही हेच दिसतं. गिऱ्हाईक येताना दिसलं, की लबाड रटरटणारं भांडं चुलीवरून उचलून दूर जमिनीवर ठेवतो. खाली विस्तव नाही आणि आत उकळी फुटतेय. आपोआप शिजवणारं भांडं म्हणून ते भारी किमतीला खपतं.

खरी जादू येणारा लबाडही आहे. अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावरच्या त्लिंगित लोकांचा डोमकावळा झाडाचं सुईसारखं पान होऊन पाण्यात पडतो. एक मुलगी ते पाणी पिते आणि तो तिच्या पोटी बाळ होऊन जन्मतो. तिच्या वडिलांनी उजेड पेटीत कोंडलेला असतो. जादूने तो घरात शिरला खरा, पण पेटी मिळते ती भोकाड पसरून. आजोबांना नातवाचं रडणं बघवत नाही.

गोष्टींबाहेरही असा थापाड्या आहे. आफ्रिकेतल्या कलहारी वाळवंटात आपल्या कोतवाल पक्ष्याचा एक भाऊबंद राहतो. मीरकॅट या मुंगसाच्या कुळातल्या छोट्या प्राण्याला भक्ष्य सापडलं, की हा पक्षी धोक्याची हाक देतो. मीरकॅट घास टाकून बिळाकडे पळतात, घास हा उचलतो. एकाच हाकेला ते बधेनासे झाले, की तो हाक बदलतो आणि कधी चक्क मीरकॅटच्याच आवाजात ओरडतो. हे 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात नोंदलेलं आहे.