वायपी-24 आणि वाय1पी-25: तोंडवळा एक, विमानं दोन

अमेरिकी लष्कराच्या या दोन प्रायोगिक लढाऊ विमानांची गल्लत सहज होते. दोन्ही दोन आसनी, वैमानिकाच्या मागे उलट्या दिशेला तोंड करून बसलेला मशीनगनवाला, दोन्हींचे पंख खालच्या बाजूला, चाकं आत ओढून घेता येणारी, नाकात कर्टिसचं कॉन्करर इंजिन. त्यात क्रमांकही लागोपाठचे. साम्य असणारच, कारण दोन्हींचा आराखडा रॉबर्ट वुड्स यांचा.

वायपी-24 हे 1931 चं. डेट्रॉइट एअरक्राफ्टने ते आपल्या ताब्यातल्या लॉकहीडच्या अल्टेअर विमानावरून बेतलं. धड धातूचं, पंख मात्र लॉकहीडच्या पद्धतीचे लाकडी. लष्कराची नेहमीची लढाऊ विमानं अजून दुपंखी होती, तेव्हा याने जमिनीलगत ताशी सुमारे 345 किमी वेग गाठला.

19 ऑक्टोबर 1931 ला लेफ्टनंट हॅरिसन क्रॉकर ते उडवत असताना चाकं सोडायचा दांडा तुटला आणि चाकं अर्ध्यावर अडकली. जोरदार कसरती करून त्यांनी ती परत आत घेतली आणि पोटावर उतरायची तयारी केली. पण त्यांच्यापाशी दोन विमानं पाठवण्यात आली. हुकूम त्या विमानांच्या अंगावरच लिहिला होता: उडी मारा. क्रॉकर पॅराशूटने वाचले, विमान गेलं. एवढं करून चाकं आत घेतल्यावर त्यांना उतरू द्यायला हवं होतं, असं मला मनापासून वाटतं. त्याच सुमारास कंपनीचं दिवाळं निघालं आणि लष्कराने दिलेली पुढच्या विमानांची ऑर्डर रद्द झाली.

वुड्स कन्सॉलिडेटेड कंपनीत गेले. तिथे तयार झालेलं वाय1पी-25 ही जुन्या विमानाची नुसती नक्कल नव्हे. पंखही आता धातूचे. फोटोत ओळखायचं तर नाकाची डावी बाजू पाहा. तिथे टर्बोसुपरचार्जर आहे. वर हवा विरळ होते तसं साधं इंजिन धापा टाकू लागतं. टर्बो एक्झॉस्टच्या जोरावर फिरून त्याला दाबलेली हवा पुरवतो. जमिनीलगत हे विमान वायपी-24 पेक्षा किंचित हळूच, ताशी सुमारे 330 किमी. पण टर्बोमुळे 4,600 मीटर उंचीवर तेच सुमारे 397 किमीने धावे. माझ्या मते दोघांमधला खरा फरक हाच आहे, बाकीचे तपशील त्यामागून येतात.

दुसरा नमुना टर्बोशिवाय, जमिनीवरच्या हल्ल्यासाठी वाय1ए-11 म्हणून बांधला गेला. जानेवारी 1933 मध्ये एका आठवड्याच्या अंतराने दोन्ही नमुने कोसळले, दोन्ही वैमानिक गेले. वाय1पी-25 उडवणारे ह्यू एल्मेनडॉर्फ. अलास्कातल्या हवाई तळाला त्यांचंच नाव आहे.

तरी लष्कर मागे हटलं नाही. मार्चमध्ये वाय1पी-25 वरून सुधारलेल्या पी-30 ची ऑर्डर निघाली, 1934 च्या अखेरीस आणखी 50 ची. त्यातल्याच एका विमानाचं मागचं आसन काढून कन्सॉलिडेटेडने ते लष्कराच्या 1936 च्या लढाऊ विमानांच्या स्पर्धेत एक आसनी म्हणून उतरवलं.