रेडिओ कंट्रोल बोटीचा शाफ्ट का झिजतो आणि ती झीज कशी कमी करावी

ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आमच्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या बोटींमध्ये झिजलेल्या शाफ्टची (मोटरची गती प्रोपेलरपर्यंत नेणाऱ्या दांड्याची) तक्रार सर्वांत जास्त असते, आणि बहुतेक ग्राहक नवा, शक्य तर अधिक कठीण पोलादाचा शाफ्ट मागतात. आमच्या अनुभवात दोष पोलादाचा क्वचितच असतो. मोटर आणि शाफ्ट एका रेषेत नसणे आणि शाफ्ट ज्या नळीतून जातो तिच्यातले ग्रीस वेळेवर न बदलणे, या दोन गोष्टी आधी तपासाव्यात. त्या तशाच ठेवून नवा शाफ्ट बसवला, तर तोही तेवढ्याच दिवसांत झिजतो.

शाफ्टवर किती ताण येतो, हे एका साध्या हिशेबावरून ध्यानात येईल. तीन सेलच्या लिथियम पॉलिमर बॅटरीचा व्होल्टेज ११.१ असतो. तिच्यावर २००० केव्हीची (म्हणजे दर व्होल्टला मिनिटाला २००० फेरे घेणारी) ब्रशलेस मोटर भाराविना मिनिटाला सुमारे २२,००० फेरे घेते. पाण्यात भार आल्यावर हा वेग १८,००० पर्यंत उतरला असे धरले, तरी ४ मिलिमीटर जाडीच्या शाफ्टचा पृष्ठभाग दहा मिनिटांच्या एका फेरीत बुशच्या (शाफ्टला आधार देणाऱ्या धातूच्या कड्याच्या) आतून सव्वादोन किलोमीटर घासला जातो. एवढे अंतर धातूला धातू न लागता पार पडते ते केवळ मधल्या ग्रीसच्या पातळ थरामुळे.

म्हणून प्रत्येक वेळी बोट पाण्याबाहेर काढल्यावर शाफ्ट नळीतून ओढून काढावा आणि पांढऱ्या सुती कापडावर पुसावा. कापडावर उतरलेले ग्रीस नीट पाहावे, कारण आतमध्ये काय चालले आहे ते त्यावरून कळते. ग्रीस दुधासारखे पांढरट झाले असेल, तर त्यात पाणी मिसळले आहे आणि त्याची वंगणशक्ती घटली आहे. तांबूस तपकिरी रंग गंजाचा. ग्रीस बोटांत चोळून उन्हात धरल्यावर सोनेरी कण चमकले, तर पितळेची नळी किंवा बुश खरवडला जात आहे. आणि ते बोटांना कचकचीत लागले, तर त्यात गाळ शिरला आहे. शेवटच्या दोन्ही स्थितींत वरून नवे ग्रीस भरून भागत नाही, कारण ते जुन्या कणांसह शाफ्टवर घासतच राहते. नळी आतून पूर्ण स्वच्छ करून मगच पाण्याने धुऊन न जाणारे मरीन ग्रीस भरावे. ते फार घट्टही नसावे, अन्यथा शाफ्ट जड फिरतो आणि मोटर विनाकारण जास्त करंट ओढते. सच्छिद्र ब्राँझचे बुश असतील, तर ते पेट्रोल किंवा थिनरने धुऊ नयेत, कारण त्यांच्या छिद्रांत मुरवलेले तेल त्यामुळे निघून जाते.

आता रेषेविषयी. एका ग्राहकाने एकाच हंगामात तीन शाफ्ट नेले. पहिले दोन आम्ही काही न विचारता दिले, ही आमची चूक होती. तिसऱ्या वेळी बोटच मागवून घेतली, तेव्हा मोटरचा माउंट (ती जिच्यावर बसते ती बैठक) जेमतेम एक मिलिमीटर खाली बसलेला आढळला. बुशचे भोक एका बाजूला ओढल्यासारखे लांबट झाले होते आणि शाफ्टवर बरोबर त्याच जागी नखाला लागेल अशी खाच पडली होती. युनिव्हर्सल कपलिंग (मोटर आणि शाफ्टला जोडणारा, कोनात वळू शकणारा सांधा) असल्यामुळे बोट चालत होती, परंतु रेषेतील फरकाचा सगळा दाब पुढच्या बुशवर येत होता.

हे घरीही तपासता येते. कपलिंग काढून त्याच्या जागी मोटरच्या आणि प्रोपेलरच्या शाफ्टवर घट्ट बसेल असा पितळी नळीचा सरळ तुकडा घालावा, माउंटचे स्क्रू सैल करून मोटरला आपोआप जागा घेऊ द्यावी आणि मग स्क्रू आवळावेत. त्यानंतर शाफ्ट बोटांनी हळू फिरवावा. पूर्ण फेऱ्यात कुठेही अडता कामा नये. मोटर सरळ बसल्याची खात्री झाल्यावरच कपलिंग परत लावावे.

लांब शाफ्टबाबत आणखी एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे. ४ मिलिमीटरचा पोलादी शाफ्ट एकमेकांपासून ३० सेंटिमीटर अंतरावरील दोनच बुशांत फिरत असेल, तर मिनिटाला सुमारे ५,००० फेऱ्यांवरच तो दोरीउडीच्या दोरीसारखा मध्ये फुगू लागतो आणि नळीला आतून आपटतो. मधोमध तिसरा बुश बसवला, की ही मर्यादा चौपट, म्हणजे सुमारे २०,००० फेऱ्यांवर जाते. संथ चालणाऱ्या टग किंवा मचव्याच्या मॉडेलला याची गरज नसते; वेगवान बोटीला मात्र हा बुश हवाच. प्रोपेलर बॅलन्स केलेला नसेल, तर हेच नुकसान कमी वेगावरही होते.

पिळाच्या तारेचा फ्लेक्स शाफ्ट वेगळ्या रीतीने झिजतो. भार आल्यावर त्याचा पीळ आवळतो आणि त्याची लांबी किंचित कमी होते. म्हणून मागच्या स्ट्रट (शाफ्टचे मागचे टोक धरणारा आधार) आणि ड्राइव्ह डॉगमध्ये (प्रोपेलरला फिरवणाऱ्या, शाफ्टवर आवळलेल्या तुकड्यामध्ये) सुमारे ३ मिलिमीटर फट ठेवावी. फट नसेल, तर डॉग स्ट्रटवर दाबला जाऊन दोन्ही खातात. उलट दिशेने जोरात फिरवल्यास पीळ सुटतो, तार जाड होते आणि नळीत घासते; त्यामुळे फ्लेक्स शाफ्टच्या बोटीला रिव्हर्स बेताने द्यावा. नळीचा बाक एकसारखा असावा आणि आत टेफ्लॉनचे अस्तर असल्यास तेही दर हंगामात तपासावे.

पाण्याचाही विचार करावा. पावसाळ्यानंतर काही आठवडे धरणांचे आणि तलावांचे पाणी गढूळ असते. त्यातील बारीक गाळ पॉलिश पेपरसारखे काम करतो, म्हणून त्या दिवसांत काठाजवळच्या उथळ पाण्यात बोट चालवू नये. जलपर्णीची मुळे प्रोपेलरमागे गुंडाळली गेली, तर मोटर लगेच थांबवावी आणि बॅटरी काढून मगच हात घालावा. खाडीत किंवा समुद्रात चालवलेल्या बोटीचा शाफ्ट त्याच दिवशी काढून गोड्या पाण्याने धुवावा, कोरडा करावा आणि त्याला तेलाचा हात द्यावा. स्टेनलेस स्टीलचा असला तरी यातून सूट नाही, कारण नळीत साचलेल्या खाऱ्या पाण्यात ऑक्सिजन कमी पडतो आणि स्टेनलेसलाही बारीक खड्डे पडतात.

बुशमध्ये शाफ्ट आडवा हलत असेल, तर बुश बदलावा. शाफ्टवर नखाला खाच लागत असेल, तर दोन्ही एकदमच बदलावेत. खाच पडलेला शाफ्ट नवा बुश लवकर खातो. आमच्याकडे येताना केवळ शाफ्ट न आणता मोटर व कपलिंग जागेवर असलेली पूर्ण बोट आणावी, आणि कृपया शाफ्ट पुसून आणू नये.