आकड्याचं कूळ, आलेखाचं मूळ

नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ विचारू नये म्हणतात. शास्त्रज्ञाला मात्र नेमकं तेच विचारावं लागतं. तक्त्याच्या तिसऱ्या ओळीतला हा आकडा आला कुठून? कोणत्या नमुन्यातून, कोणत्या प्रोग्रॅमच्या कितव्या आवृत्तीतून, आणि तो चालवताना मर्यादा काय ठेवली होती? उत्तर बहुधा कुठल्या तरी सर्व्हरवरच्या लॉगमध्ये, म्हणजे प्रोग्रॅम चालताना आपोआप लिहिल्या जाणाऱ्या नोंदींत, पडलेलं असतं. ते ब्राउझरमध्ये माणसाला सापडेल असं मांडणं वाटतं त्याहून बरंच अवघड आहे.

जनुकीय अभ्यासाचंच उदाहरण घेऊ. यंत्र डीएनएचे कोट्यवधी छोटे तुकडे वाचून देतं. त्यातलं खराब वाचन गाळायचं, उरलेले तुकडे संदर्भ जीनोमवर, म्हणजे तुलनेसाठी प्रमाण मानलेल्या पूर्ण डीएनए-क्रमावर जुळवायचे, त्यांची क्रमवारी लावायची, एकाच तुकड्याच्या नकलांवर खूण करायची, संदर्भापेक्षा वेगळी अक्षरं कुठे आहेत ते शोधायचं, त्या फरकांना माहिती जोडायची आणि शेवटी तक्ता करायचा. एका पायरीतून जे निघतं तो पुढच्या पायरीचा कच्चा माल. या साखळीला वर्कफ्लो म्हणतात. २०० नमुने आणि सात पायऱ्या धरल्या तर झाली १,४०० कामं, आणि प्रत्येक कामामागे दोनचार फाइली.

एवढी कामं हाताने कोणी चालवत नाही. १९७६ मध्ये बेल लॅब्जमधल्या स्टुअर्ट फेल्डमन यांनी ‘मेक’ नावाचा प्रोग्रॅम लिहिला. कोणती फाइल कशापासून बनते ते त्याला सांगून ठेवायचं, मग कच्चा माल बदलला की त्यावर अवलंबून असलेलं तेवढंच तो पुन्हा करतो. वर्कफ्लो चालवणाऱ्या आजच्या स्नेकमेक या साधनाने तर नावातही ते ऋण ठेवलं आहे. नेक्स्टफ्लो, पेगासस या तशाच साधनांच्या मुळाशीही अवलंबनाचा हाच हिशेब आहे. गुरुत्वीय लहरी शोधणाऱ्या लायगो प्रकल्पातलं विश्लेषणही पेगाससवर चाललं आहे. ही साधनं काम चोख करतात, पण त्यांच्याशी बोलायचं ते बहुतेकदा काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करूनच. २००५ पासून गॅलेक्सी या प्रणालीने ते ब्राउझरमध्ये आणलं. तिथे पानाच्या कडेला प्रत्येक फाइलीची एक पट्टी दिसते: थांबलेली राखाडी, चालू असलेली पिवळी, झालेली हिरवी, अडकलेली लाल. पट्टी उघडली की तीच पायरी त्याच मर्यादांसह पुन्हा चालवता येते.

पडदा रंगवण्याआधी नोंद कशाची करायची हे ठरवावं लागतं. वेबची मानकं ठरवणाऱ्या वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने २०१३ मध्ये ‘प्रोव्ह’ नावाचं मानक मान्य केलं. त्यात जगातल्या सगळ्या भानगडी तीन गोष्टींत बसवल्या आहेत: वस्तू, क्रिया आणि कर्ता. ही फाइल त्या क्रियेतून निघाली, त्या क्रियेने ही दुसरी फाइल वापरली, आणि क्रियेची जबाबदारी अमुक माणसाची किंवा प्रोग्रॅमची. शाळेत कर्ता, कर्म, क्रियापद ओळखायला कंटाळलेल्यांनी इथे थोडं हसून घ्यावं.

या नोंदी हाती आल्या की पहिला मोह होतो सगळं जाळं पडद्यावर काढण्याचा. चौकटी आणि बाण! वीस चौकटींपर्यंत ते सुंदर दिसतं, १,४०० झाल्या की केसांचा गुंता. गणितही इथे सोबत करत नाही. बाण एकमेकांना कमीत कमी छेदतील अशी मांडणी काढणं हा प्रश्न ‘एनपी-कम्प्लीट’ वर्गातला आहे, हे १९८३ मध्ये सिद्ध झालं. म्हणजे मोठ्या जाळ्यासाठी अचूक उत्तर झटपट काढून देईल अशी रीत कोणाकडे नाही. १९८१ मध्ये सुगियामा आणि सहकाऱ्यांनी सुचवलेली थरांची पद्धत वापरून सॉफ्टवेअर कामचलाऊ मांडणी करतं, आणि ती बरी असते. तरी माझं मत असं, की पूर्ण जाळं दाखवणारं पान भिंतीवर लावायला चांगलं, कामाला नाही.

कामाला लागतात त्या सात चौकटी. प्रत्येकीत एक मोजणी: जुळवणी १९७/२००. मागे राहिलेल्या तिनांवर टिचकी मारली की तीन नमुन्यांची नावं, एका नावावर मारली की त्याचा लॉग, आणि तोही शेवटच्या पन्नास ओळींपासून, कारण चूक सहसा तिथेच असते.

कूळ शोधायची वाट मात्र उलटी. शेवटच्या तक्त्यापासून निघायचं आणि विचारत जायचं: याचे आईबाप कोण? त्यांचे कोण? स्वतःलाच पुन्हा पुन्हा बोलावणारी अशी शोधाज्ञा एसक्यूएल या डेटाबेसच्या भाषेत १९९९ च्या मानकापासून उपलब्ध आहे, त्यामुळे एरवी साधा डेटाबेसही हे पेलतो. गंमत याच्या उलट दिशेला आहे. संदर्भ जीनोमची फाइल चुकीची होती असं सहा महिन्यांनी कळलं, तर प्रश्न पूर्वजांचा राहत नाही, वंशजांचा होतो: त्या एका फाइलीचा विटाळ कोणत्या तक्त्यांना, कोणत्या आकृत्यांना लागला? माझ्या लेखी अशा इंटरफेसचं सगळ्यात मोलाचं बटण हेच, आणि बहुतेक ठिकाणी तेच सापडत नाही.

काम कुठवर आलं हे ताजं दाखवायला ब्राउझर आणि सर्व्हर यांच्यात कायम उघडी वाहिनी ठेवता येते. वेबसॉकेट हे त्याचं २०११ मधलं मानक. पण तासन् तास चालणाऱ्या कामाला दर दहा सेकंदांनी ‘झालं का?’ विचारणं पुरतं.

आता त्या हिरव्या रंगाकडे वळू. युनिक्स घराण्यातल्या यंत्रणांत प्रोग्रॅम संपताना एक आकडा मागे ठेवतो. शून्य म्हणजे ठीक, बाकी काहीही म्हणजे बिघाड. पडद्यावरचा हिरवा रंग बहुधा त्या शून्याचाच असतो. आणि रिकामी फाइल तयार करूनही प्रोग्रॅम शून्य म्हणून निघून जाऊ शकतो. म्हणून रंगाच्या शेजारी फाइलीचा आकार आणि ओळींची संख्या हवी. १९९ फाइली काही गिगाबाइटच्या आणि एक शून्य बाइटची, हे डोळ्याला लगेच खुपतं. शिवाय नुसत्या हिरव्या-लालवर भिस्त ठेवली, तर हे दोन रंग वेगळे न दिसणाऱ्यांची पंचाईत; उत्तर युरोपीय वंशाच्या पुरुषांत असे साधारण १२ मागे एक जण असतात. रंगाबरोबर खूणही बदलावी.

कधी कधी पडदा स्वतःच आकडा बदलतो. ब्राउझरची भाषा जावास्क्रिप्ट नेहमीच्या संख्या अशा पद्धतीने साठवते, की दोनच्या ५३ व्या घातापलीकडचे पूर्णांक नेमके राहतीलच याची खात्री नसते. डेटाबेसने ९००७१९९२५४७४०९९३ हा क्रमांक पाठवला, तर पानावर शेवटचा ३ जाऊन २ येतो. कोणतीही एरर नाही, काही नाही. दुसऱ्याच कामाचा लॉग उघडतो आणि माणूस तो विश्वासाने वाचत बसतो. इलाज सोपा: क्रमांक संख्या म्हणून न पाठवता मजकूर म्हणून पाठवायचा.

पडद्यावरून उतरवलेल्या फाइलीची कथा आणखी वेगळी. ‘सेप्ट१’, ‘मार्च१’ अशी इंग्रजी नावं असलेली जनुकं स्प्रेडशीटमध्ये उघडली की त्यांच्या तारखा व्हायच्या. हे इतक्या वेळा झालं, की शेवटी मानवी जनुकांची नावं ठरवणाऱ्या समितीनेच हात टेकले आणि २०२० मध्ये जाहीर केलेल्या नियमांत अशी नावं बदलल्याचं नोंदवलं. सेप्ट१ आता सेप्टिन१ झालं आहे. शिवाय डाउनलोडचं बटण दाबलं की सर्व्हरवरच्या नोंदींचा आणि फाइलीचा संबंध तुटतो. म्हणून फाइलीच्या नावात, वर्कफ्लो ज्या खेपेला चालवला त्या रनचा क्रमांक घालावा आणि पहिल्या ओळीत ते पान पुन्हा उघडणारा पत्ता. काही प्रोग्रॅमांना अशी जादा ओळ खपत नाही. त्यांच्यासाठी तोच मजकूर शेजारी वेगळ्या छोट्या फाइलीत ठेवून दोन्ही एकाच झिपमध्ये द्याव्यात.